बिल विदर्स यांचा ‘स्टिल बिल’ : एवढा मोकळा वाद्यमेळ मनाची पकड कशी घेतो?

प्रश्न : तबलावादक, परभणी

नमस्कार. मी परभणीत तबला शिकवतो आणि अलीकडे अमेरिकेतील सोल आणि फंक हे संगीतप्रकार मन लावून ऐकत आहे. तिथले गायक-गीतकार बिल विदर्स यांचा १९७१ मधील पहिला अल्बम ‘जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम’ मला पहिल्या ऐकण्यातच भावला. बुकर टी. जोन्स यांच्यासारखा निर्माता, गिटारवर स्टीफन स्टिल्स आणि ‘एन्ट नो सनशाइन’सारखे गाणे असल्यावर तो न आवडता तरच नवल होते. १९७२ मध्ये आलेल्या ‘स्टिल बिल’ या दुसऱ्या अल्बमला मात्र अनेक जाणकार त्याहूनही वरचे स्थान देतात. त्यातील ‘यूज मी’ मी वर्गात ऐकवले, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ठेका तर धरला, पण पुढे कुणी काही वाजवतच का नाही?” तिचा प्रश्न मला रास्त वाटतो. इतका एकसारखा ठेका आणि इतका मोकळा वाद्यमेळ असूनही हे संगीत श्रोत्याला धरून कसे ठेवते, आणि ते नेमके काय लक्ष देऊन ऐकावे, हे कृपया कुणी उलगडून सांगावे.

उत्तर : ऑर्केस्ट्रातील ड्रमवादक, लातूर

आपल्या विद्यार्थिनीने अल्बमच्या वर्मावरच बोट ठेवले आहे. पहिल्या अल्बमसाठी नामवंत वादक एकत्र जमवलेले होते. दुसऱ्यात विदर्स यांच्या साथीला लॉस एंजेलिसच्या ‘वॉट्स १०३ स्ट्रीट ऱ्हिदम बँड’मधील मंडळी आली, म्हणजे ड्रमवर जेम्स गॅडसन, बास गिटारवर मेल्विन डनलॅप, कीबोर्डवर रे जॅक्सन आणि गिटारवर बेनोर्स ब्लॅकमन. ही माणसे आधीपासून एकत्र वाजवत आलेली होती, त्यामुळे कुणी कुठे थांबायचे हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. विदर्स यांनी अल्बमच्या निर्मितीचे श्रेयही या सहवादकांबरोबर वाटून घेतले, आणि ते केवळ सौजन्य नव्हते, कारण अल्बमचा नाद खरोखरच त्यांनी मिळून घडवलेला आहे.

आता ‘यूज मी’ पुन्हा लावा आणि पहिल्या खेपेला फक्त हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधली पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, ऐका. गॅडसन प्रत्येक मात्रेचे चार भाग करून तिथे बारीक विणकाम करत राहतात, पण त्यातील प्रत्येक आघाताचे वजन सारखे नसते. काही ठळक, काही जेमतेम ऐकू येणारे. दुसऱ्या खेपेला रे जॅक्सन यांचे क्लॅव्हिनेट ऐका. या वाद्यात खरोखरच्या तारा असतात, पट्टी दाबली की तारेवर आघात होतो आणि तो आवाज विजेवर वाढवला जातो, म्हणून त्याचा स्वर कीबोर्डपेक्षा ठसक्याने छेडलेल्या तंतुवाद्याच्या जवळचा लागतो. ड्रमने जी जागा सोडली तिथेच क्लॅव्हिनेटचा तुकडा येतो, आणि त्याने सोडलेल्या जागेत बास उतरतो. आमच्या ऑर्केस्ट्रात ओळ संपली की ड्रमवाल्याने रोल मारायचा आणि हलगीवाल्याने उठाव घ्यायचा, अशी रीतच आहे. गॅडसन तो मोह बहुतेक वेळा टाळतात, म्हणून श्रोत्याचा कान सतत पुढच्या आघाताची वाट पाहत राहतो. त्यांचा हात आणखी उघडा ऐकायचा असेल तर ‘किसिंग माय लव्ह’चा आरंभ ऐका; तिथे काही क्षण फक्त ड्रमच आहे.

उत्तर : पेटीवादक, अंबाजोगाई

लातूरकरांचे लयीविषयीचे म्हणणे मान्य आहे, पण हा अल्बम केवळ ठेक्याच्या बळावर उभा आहे असे मला वाटत नाही. ‘लीन ऑन मी’ (म्हणजे ‘माझा आधार घे’) पेटीवर वाजवून पाहा. ‘सा सा रे ग म’ असे सरळ चढायचे आणि ‘म ग रे सा’ असे त्याच पायऱ्यांनी उतरायचे, एवढाच त्याच्या पहिल्या ओळीचा ऐवज आहे, आणि स्वरसंगतीही सुरांच्या सोबतीने पायरी-पायरीने सरकते. विदर्स पियानोचे तालीम घेतलेले वादक नव्हते. पट्ट्यांवर बोटे शेजारून शेजारी सरकवताना त्यांना ही चाल सापडली. मधल्या कडव्यात, जिथे हाक मारायला सांगितले आहे, तिथे वाद्यमेळ जवळजवळ मागे घेतला जातो आणि टाळ्या व बास पुढे येतात. आपल्याकडील भजनात पखवाज थांबून फक्त टाळ चालू राहावेत, तसा तो क्षण आहे.

त्या शब्दांना वजन येते ते जगण्यातून. विदर्स यांचा जन्म १९३८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील स्लॅब फोर्क या कोळसा खाणीच्या गावी झाला, ते लहानपणी अडखळत बोलत, तेरा वर्षांचे असताना वडील गेले, नऊ वर्षे त्यांनी नौदलात काढली आणि त्यानंतर विमानांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम केले. शेजाऱ्याच्या अडचणीला सारे गाव धावून जाते हे त्यांनी पाहिलेले होते. इर्जिक घालून एकमेकांची नांगरट उरकणाऱ्या आपल्या मराठवाड्यातील माणसाला ते गाणे परके वाटण्याचे कारणच नाही. १९७२ च्या जुलै महिन्यात ते ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि तीन आठवडे तिथे राहिले. ‘यूज मी’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. पुढे १९८७ मध्ये क्लब नूव्हो या गटाने गायलेल्या ‘लीन ऑन मी’च्या नव्या आवृत्तीनेही पहिला क्रमांक गाठला.

प्रश्नकर्ता, परभणी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘यूज मी’मधील त्या सोडलेल्या जागा आता स्पष्ट ऐकू येत आहेत. अल्बम आरंभापासून शेवटपर्यंत सलग ऐकावा, की निवडक गाणी घ्यावीत?

उत्तर : श्रोता, छत्रपती संभाजीनगर

एकदा तरी सलग ऐकाच, कारण ‘लीन ऑन मी’मधला दिलासा आणि ‘हू इज ही’मधला संशय हे एकाच माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय विदर्स यांचा आवाका कळत नाही. त्या दुसऱ्या गाण्यात रस्त्याने जाणाऱ्या परक्या पुरुषाची नजर आणि सोबतच्या स्त्रीची खाली झुकलेली मान एवढ्यावरून सारा प्रसंग उभा राहतो, आणि आवाज मात्र कुठेही चढत नाही. पहिल्या अल्बममध्ये इतरांची गाजलेली गाणीही होती, दुसऱ्यात ती नाहीत. त्यामुळे हा माणूस इथे अधिक अखंड भेटतो. माझ्या मते उत्तरार्धातील एक-दोन गाणी थोडी सैल आहेत, परंतु त्यासाठी ती गाळू नयेत.

तबल्याच्या वर्गासाठी माझी एक आग्रहाची सूचना आहे. ‘स्टिल बिल’नंतर काही महिन्यांनी, ऑक्टोबर १९७२ मध्ये, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यातील ‘यूज मी’ साडेआठ मिनिटांच्या आसपास चालते. गाणे संपते, श्रोते टाळ्या थांबवत नाहीत, आणि वादक तोच ठेका पुन्हा धरतात. मूळ ध्वनिमुद्रण आणि हे, दोन्ही एकापाठोपाठ ऐकवा, आणि विद्यार्थ्यांना दुसऱ्या वेळी हाताने फक्त मात्रा धरायला सांगा.