पातळ थर फेरोइलेक्ट्रिक आहे, हे एकट्या एक्सआरडीवरून ठरते का?

वणीहून: बेरियम टायटनेटच्या थराच्या एक्सआरडीत (क्ष-किरणांनी केलेल्या स्फटिकरचनेच्या तपासणीत) टेट्रागोनल, म्हणजे एका अक्षाच्या दिशेने घनापेक्षा किंचित लांबलेली, रचना दिसली की तो फेरोइलेक्ट्रिक, म्हणजे विद्युत क्षेत्राने उलटवता येणारे स्वतःचे ध्रुवीकरण असलेला, ठरतो आणि विद्युत मापन ही केवळ औपचारिकता उरते, असे काल येथे एका सभासदांनी ठामपणे लिहिले. या पदार्थाच्या सी आणि ए अक्षांच्या लांबीत जेमतेम एक टक्क्याचा फरक असतो. सोल-जेलने (द्रावणाचा लेप देऊन तापवण्याच्या पद्धतीने) केलेल्या थरात कण इतके बारीक असतात की आलेखातली शिखरे रुंदावून सी अक्षाचे ००२ आणि ए अक्षाचे २०० ही शिखरे एकमेकांत मिसळून जातात. अशा आलेखावरून टेट्रागोनल म्हणणे म्हणजे पुराव्याआधीच निकाल देणे आहे.

दर्यापूरहून: ते विधान माझे आहे आणि मी त्यावर कायम आहे. स्कँडेटच्या सब्सट्रेटवर (आधाराच्या स्फटिकावर) जाळी आडवी दाबली जाईल अशा रीतीने वाढवलेल्या बेरियम टायटनेटच्या थरांचे क्युरी तापमान (ज्याच्या वर फेरोइलेक्ट्रिकपणा नाहीसा होतो ते) सुमारे ५०० अंशांनी चढले आणि शेष ध्रुवीकरण (क्षेत्र काढल्यावरही उरणारे) अडीचपटीहून वाढले, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. जाळीची मापे बदलली म्हणूनच गुणधर्म बदलले. तुम्ही मुळाला सोडून फांद्या मोजत आहात.

वणीहून: ते ध्रुवीकरण त्या संशोधकांनी लूप (क्षेत्र वरखाली करताना ध्रुवीकरणाचा मिळणारा बंद वळणाचा आलेख) मोजूनच सांगितले, हे आपण सोयीने गाळता. बिस्मथ फेराइटचेही पाहा. २००३ मध्ये त्याच्या थरात जुन्या स्फटिकांच्या कितीतरी पट ध्रुवीकरण मिळाले आणि श्रेय ताणाला दिले गेले. पुढे चांगले स्फटिक तयार झाल्यावर त्यांतही तेवढेच ध्रुवीकरण आढळले. जुने नमुनेच सदोष होते. एक्सआरडीने हे सांगितले असते का?

उमरखेडहून: आपण दोघेही भट्टीला विसरलात. आमच्या महाविद्यालयात पीझेडटीचा (शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडचा) थर तापत असताना भारनियमन सुरू झाले, भट्टी मधल्याच तापमानाला रेंगाळली आणि पेरोव्हस्काइट या हव्या त्या स्फटिकरचनेऐवजी पायरोक्लोर ही वेगळी रचना तयार झाली, ज्यात फेरोइलेक्ट्रिकपणा नसतो. पुन्हा तापवले, तेव्हा शिसे उडून गेले. कोराडी आणि चंद्रपूरची वीज राज्यभर जाते, आणि विदर्भातल्याच विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाते!

दर्यापूरहून: प्रत्येक अपयश विजेच्या माथी मारू नये. शिशाची तूट होणार हे ठाऊक असते, म्हणून द्रावणात सुमारे दहा टक्के जादा शिसे घालतात. ते घातले होते का?

उमरखेडहून: घातले होते. जादा शिसे एका तापवणीचा हिशेब सांभाळते, अर्धवट तुटलेल्या दोन तापवण्यांचा नव्हे. इन्व्हर्टरवर भट्टी चालत नाही, आणि जनरेटरसाठी केलेला अर्ज कार्यालयात तसाच पडून आहे. शहरातल्या प्रयोगशाळेत बसून असे प्रश्न विचारणे सोपे असते.

दर्यापूरहून: मी शहरात बसत नाही, माझेही महाविद्यालय तालुक्याचेच आहे आणि नमुने घेऊन मलाही नागपूर गाठावे लागते. एक्सआरडी तेथे सहज होते, फेरोइलेक्ट्रिक टेस्टर (लूप मोजणारे यंत्र) मिळत नाही. म्हणून जे हाती आहे त्यावरून बोलावे लागते.

वणीहून: ही अडचण खरी आहे, तिचा नियम करणे मला मान्य नाही. आणि नुसता लूपही पुरेसा नसतो, कारण गळती प्रवाह (थरातून झिरपणारी वीज) असलेला साधा थरसुद्धा गोलसर, टोके न मिळणारा लूप दाखवतो. वारंवारता बदलून लूप किती फुगतो ते पाहावे, आणि स्विचिंगचा (ध्रुवीकरण उलटण्याचा) प्रभार पल्स पद्धतीने, म्हणजे व्होल्टेजचे छोटे ठोके देऊन, वेगळा काढावा.

दर्यापूरहून: गळतीचा मुद्दा मी स्वीकारतो, तोही नाइलाजाने. परंतु सममिती केंद्र (ज्याच्या दोन्ही बाजूंना रचना तंतोतंत सारखी असते असा बिंदू) असलेल्या रचनेत फेरोइलेक्ट्रिकपणा असूच शकत नाही, त्यामुळे पहिली चाळणी रचनेचीच राहील. पुढच्या प्रबंधात मी ‘टेट्रागोनल’ लिहीन, ‘फेरोइलेक्ट्रिक’ हा शब्द मापन झाल्यावरच.