मदत हवी: घरी बनवलेली हलकी व्हीआर केबल मधेच दगा देते

महालकर: मंडळी, लवकर सांगा. व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांवर लावून खेळायचा, हेडसेट कॉम्प्युटरला जोडायचाय. दुकानातली पाच मीटरची केबल इतकी जाड आहे की गर्रकन वळलं की मान मागे खेचते. म्हणून घरीच हलकी बनवली, रात्री दोनपर्यंत सोल्डरिंग करत बसलो. हेडसेट जोडला जातो, गेम सुरू होतो, आणि पाच-दहा मिनिटांत पडदा काळा. रविवारी भाचे येऊन राहिले, त्यांना कबूल केलंय. काय चुकलं?

कूलरवाला: कोणता हेडसेट? लांबी किती? हलकी केली म्हणजे नेमकं काय केलं?

बर्डीचा भटक्या: केबल हवीच कशाला? एअर लिंक वापर, म्हणजे वायफायवरून जोड. ५ गिगाहर्ट्झचा राउटर त्याच खोलीत, कॉम्प्युटरला लॅनची वायर, झालं. मी दीड वर्षात केबलला हात लावला नाही.

महालकर: राउटर खाली काकांकडे, मधे जुन्या वाड्याच्या दोन-दोन फुटी भिंती. वायफाय विचारलंच नाही भाऊ. क्वेस्ट २ आहे. लांबी पाच मीटरच.

आजोबा ६२: व्हीआरने चक्कर येत असेल तर आल्याचा तुकडा चघळावा.

जुना सोल्डर: हलकी कशी केली ते अजून सांगितलं नाहीस.

महालकर: प्रिंटरची जुनी केबल सोलली. वरचं रबर, जाळी, चंदेरी कागद काढला. लाल, काळी, हिरवी, पांढरी अशा चार तारा उरल्या. हिरव्या-पांढऱ्याचा पीळ सोडवून चौघींची छान वेणी घातली. एका टोकाला सी-टाइप पिन जोडली.

जुना सोल्डर: अरे देवा. तो पीळ शोभेचा नव्हता बे! हिरव्या-पांढऱ्यातून एकच सिग्नल उलटसुलट जातो. बाहेरची खरखर दोघींवर सारखी बसते आणि पलीकडे वजा होते. तू पीळही सोडवलास आणि जाळीही फेकलीस. आता ती केबल नाही, अँटेना आहे. शिवाय २८ गेजची, म्हणजे बारीक, तार असेल तर मीटरला साधारण ०.२१ ओहम. जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे दोनाच्या वर. अर्धा अँपिअर ओढला तरी ५ व्होल्टमधला एक वाटेतच संपला.

हिशेबनीस: मुळात चार तारा म्हणजे यूएसबी २. लिंकला, म्हणजे हेडसेट केबलने कॉम्प्युटरवर चालवायला, जास्त वेगाचं यूएसबी ३ लागतं.

जुना सोल्डर: २०२० पासून यूएसबी २ वरही चालतं साहेब. आणि ३ साठी साधी तांब्याची तार तीन मीटरपुढे भरवशाची नाही, म्हणून तर कंपनीची पाच मीटरची केबल ऑप्टिकल फायबरची आहे.

हिशेबनीस: चालतं म्हणजे बरं दिसतं असं नाही.

कूलरवाला: तुमचं चालू द्या. महालकर, पडदा काळा होतो तेव्हा शेजारी काय चालू असतं?

महालकर: कूलर. मे महिन्यात नागपुरात दुसरं काय चालू असणार? दमट होतं म्हणून आई पंप थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद करत असते.

महालकर: थांबा. आत्ता मुद्दाम पंपाचं बटण दाबलं. चित्र गेलं! पुन्हा दाबलं, पुन्हा गेलं!!

बर्डीचा भटक्या: खस बदलली का यंदा? दमटपणा त्याचाच.

कूलरवाला: खस सोडा, हनीकोंबच्या कागदी जाळ्या लावा.

बर्डीचा भटक्या: हनीकोंबला तो वास कुठे?

शिंपीण: मी केबल हलकी केलीच नाही, टांगली. ओळखपत्राला असते ना ती स्प्रिंगची फिरकी, तशा चार घेतल्या, छताच्या हुकांना लावल्या आणि जाड केबल त्यांतून नेली. वजन छताला, डोक्याला फक्त शेवटचा हातभर तुकडा.

महालकर: हे पटलं! वेणी फेकली. बर्डीच्या बाजारातून फिरक्या आणल्या, जाड केबल टांगली. मधली फिरकी पंख्याच्या हुकाला.

जुना सोल्डर: पंख्याच्या?? बटणावर चिकटपट्टी लाव आधी.

महालकर: लावली. आई म्हणते, पंपाला हात लावू नको, पंख्याला हात लावू नको, मग भाचे आले की मी गच्चीवर जाऊन बसू का?