एक्के-अठ्ठ्यांचा हात

पोकरमध्ये पाच पानांच्या हातात एक्क्यांची जोडी आणि अठ्ठ्यांची जोडी आली की पोकरवाले त्याला ‘डेड मॅन्स हँड’, म्हणजे मेलेल्या माणसाचा हात, का म्हणतात? त्यासाठी नाव घेतलं जातं ते अमेरिकेतल्या गाजलेल्या बंदूकबाजाचं, वाइल्ड बिल हिकॉकचं. २ ऑगस्ट १८७६, अमेरिकेतलं डेडवुड गाव, पोकरचा डाव. गडी एरवी भिंतीला पाठ लावून बसायचा. त्या दिवशी ती खुर्ची मिळाली नाही. मागितली तर बसलेला उठेना! जॅक मॅकॉलने मागून येऊन डोक्यात गोळी घातली.

इथवर ठीक. त्या वेळी हिकॉकच्या हातात इस्पिक-किल्वरचेच एक्के नि अठ्ठ्या होत्या, हे मात्र जरा जपून घ्या. ही पानं गाजली ती फ्रँक विल्स्टॅकने १९२६ साली लिहिलेल्या हिकॉकच्या चरित्रामुळे, म्हणजे तब्बल पन्नास वर्षांनी. त्याआधी, १८८६ मध्ये, हेच नाव तीन गुलाम आणि दोन दश्श्यांना लावलेलं सापडतं. पाचव्या पानावरून तर अजून वाद चालतात.

आमच्या नाशकात दिवाळीला तीन पत्तीच, तिथे दोन जोड्या जुळणार कुठून? तरी पंचवटीतल्या बैठकीत एका दादांनी एक्का-एक्का-अठ्ठी बघून ‘अपशकुनी हात’ म्हणत पॅक केलं, म्हणजे डाव सोडला. समोर दुर्रीची जोडी निघाली.