जर्मनीचा चर्च-कर: निधर्मी राज्य, पण वसुली सरकारी

'युरोपात चर्च आता नाताळापुरतंच उरलं' हे जर्मनीला तरी लागू होत नाही. तिथल्या चर्च-सदस्याच्या पगाराची चिठ्ठीच बघा. आयकराच्या खाली 'कीर्खनश्टॉयर' म्हणजे चर्च-कराची ओळ असते. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये ८ टक्के, बाकी राज्यांत ९. हे टक्के पगारावर नाहीत, आयकरावर आहेत. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. वर्षाचा आयकर १०,००० युरो असेल तर म्युनिकमध्ये ८००, बर्लिनमध्ये ९०० युरो.

याचा घटनात्मक आधार १९१९ च्या वायमार राज्यघटनेत, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाच्या घटनेत आहे. तिने राजधर्म रद्द केला, पण चर्चचा कर लावण्याचा हक्क राखला. १९४९ च्या, म्हणजे आजच्या घटनेने कलम १४० मधून ती कलमं जशीच्या तशी उचलली. रविवारच्या सुट्टीचं संरक्षणही त्यातच आहे, म्हणून रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद.

वसईहून किंवा गोव्याहून नोकरीसाठी जाणाऱ्या कॅथलिकांनी एक नीट समजून घ्यावं. पत्त्याची नोंदणी करताना धर्माच्या रकान्यात रोमन कॅथलिक लिहिलंत की कर सुरू. नंतर थांबवायचा तर चर्चला पत्र लिहून भागत नाही. राज्यानुसार न्यायालयात किंवा नोंदणी कार्यालयात सदस्यत्व सोडल्याचं रीतसर निवेदन द्यावं लागतं. त्याचा दाखला कायम जपा, वर्षांनंतरही पुरावा मागतात. आणि २०१२ च्या जर्मन बिशपांच्या आदेशानुसार असं सदस्यत्व सोडणाऱ्याला कम्युनियन, कन्फेशन असे चर्चचे संस्कार घेता येत नाहीत; अपवाद फक्त मृत्यूच्या धोक्याचा. श्रद्धाळू माणसासाठी ही किंमत पैशापेक्षा फार मोठी आहे, आणि मला ती अन्यायाची वाटते.