माळ्यावर सापडलेला व्हिडिओ गेम चतुर्थीच्या आत चालू करायचाय

खाडीकाठचा, देवगड

मंडळी, मदत हवी आहे आणि दिवस थोडे आहेत.

परवा गणपतीची माटवी, म्हणजे मूर्तीवर टांगायची लाकडी चौकट, काढायला माळ्यावर चढलो. माटवीच्या मागे पत्र्याची ट्रंक, आणि ट्रंकेत आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला आमचा व्हिडिओ गेम. मूळचा पांढरा, आता हळद लागल्यासारखा पिवळा. दोन रिमोट, एक बंदूक, चार कॅसेटी. अडॉप्टर नाही. कॅसेटींच्या पट्टीवर हिरवी बुरशी आल्यासारखं दिसतंय.

हा गेम १९९८च्या मे महिन्यात घरी आला. त्याच वर्षी जानेवारीत कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला होता. आमचा आतेभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, मुंबईहून पहिल्यांदा रेल्वेने आला. कणकवलीला उतरला आणि तिथून एस्टीत खोका मांडीवर घेऊन घरापर्यंत. खोका मुंबईच्या मनीष मार्केटमधला. आत होती ती जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या गेम मशीनची नक्कल, हे मला खूप वर्षांनी कळलं. आमच्यासाठी तो नुसता 'गेम' होता.

एका कॅसेटवर '९९९९९९ इन १' छापलंय. खरे गेम वीस-बावीस असतील, पुढे तेच फिरून येतात. कुठे मारिओ दुसऱ्या लेव्हलपासून सुरू होतो इतकाच फरक. पण त्या वीस-बाविसांत टँकचा गेम होता, म्हणजे बॅटल सिटी. माझ्यासाठी जगातला सगळ्यात चांगला गेम तोच.

कारण सांगतो. मारिओत एक खेळतो, दुसरा तो मरायची वाट बघत बसतो. टँकमध्ये दोघं एकाच वेळी पडद्यावर. खाली मधोमध गरुड, तो दोघांनी मिळून राखायचा. शत्रूचे वीस टँक येतात. आपली गोळी चुकून जोडीदाराला लागली तर तो मरत नाही, काही वेळ जागच्या जागी थिजतो, आणि तेवढ्यात गरुड जाऊ शकतो. त्यामुळे सारखं बोलत राहावं लागतं: मी डावीकडे, तू वर जा, आता मारू नको. मी बारा वर्षांचा, दादा सोळाचा. एरवी तो माझ्याशी फारसा बोलत नसे. त्या मे महिन्यात बोलला.

टीव्ही चौदा इंची, ब्लॅक अँड व्हाइट. बक्षीस देणारा टँक लाल चमकतो म्हणतात, आम्हाला तो करड्यात करडा दिसायचा. दादाने मोजून शोधून काढलं की चौथा, अकरावा आणि अठरावा टँक बक्षीस देतो. मग आम्ही मोठ्याने मोजत खेळायचो. माजघरातून आजी विचारायची, काय मोजतात रे?

याच गेममध्ये तिसरा पर्याय असतो, कन्स्ट्रक्शन. आपला नकाशा आपण बांधायचा: विटा, लोखंड, पाणी, झाडं, बर्फ. आडवी तेरा घरं, उभी तेरा. आम्ही आमची वाडी बांधली. डावीकडे खाडीचं पाणी, वरती कलमांची झाडं, मधून विटांचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती. देऊळ लोखंडाचं, कारण बक्षिसातले तीन स्टार मिळाल्याशिवाय लोखंड फुटत नाही. गरुडाच्या जागी आमचं घर. पण मशीन बंद झालं की नकाशा गेला, आणि जूनमध्ये आमच्याकडे लाईट किती वेळा जायची ते इथल्यांना सांगायला नको. म्हणून दादाने तो माझ्या गणिताच्या चौकटीच्या वहीत उतरवून ठेवला.

ती वही ट्रंकेत मशीनच्या खालीच सापडली. कडा वाळवीने खाल्ल्यात, नकाशाचं पान शाबूत आहे.

दादा चार वर्षांनी चतुर्थीला येतोय. तो यायच्या आत हे चालू करायचंय. पिना कशाने साफ करू? अडॉप्टर कुठला घेऊ? आताच्या एलईडी टीव्हीला जोडता येईल का? आणि तुमचा आवडता गेम कुठला, तेही लिहा, वाचायला आवडेल.

सोल्डरगन, रत्नागिरी

अडॉप्टर मिळाला म्हणून लगेच लावू नका, हे पहिलं.

९ व्होल्ट लिहिलेला कुठलाही चालेल असं नाही. मधली पिन अधिक की उणे ते बघावं लागतं. मूळ फॅमिकॉमला मधली पिन उणे असते. नकलांमध्ये माझ्या बाकावर दोन्ही प्रकार आलेत. डब्याच्या तळाला सहसा गोलात ठिपका आणि दोन बाजूंना अधिक-उणे अशी खूण असते, तिच्याप्रमाणेच जा. खूण पुसली असेल तर डबा उघडा. आत पत्र्याला स्क्रूने कसलेला तीन पायांचा एक भाग दिसेल, त्यावर ७८०५ लिहिलेलं असतं. तो ९चे ५ व्होल्ट करतो, उरलेलं उष्णतेत जातं, म्हणून तापतो. त्याला घाबरू नका. सॉकेटपासून त्याच्या पहिल्या पायापर्यंत मल्टिमीटरने माग काढलात की कुठली बाजू अधिक ते कळेल. त्याच वेळी कंडेन्सरची, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या नळकांड्यांची, डोकी बघा. फुगलेली असतील तर आधी बदला.

आता हिरवं. ती बुरशी नाही, तांबं गंजलंय. घाटावरून जुनी मशीन येतात ती धुळीने भरलेली असतात, आपल्या किनाऱ्यावरची हिरवी. हवेतलं मीठ आणि चार महिन्यांची ओल. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, आणि कानात घालायच्या कापसाच्या काड्या. काडी भिजवा, पिनेच्या लांबीच्या दिशेने ओढा, आडवी घासू नका. काळी झाली की फेका. एका कॅसेटला पंधरा-वीस काड्या लागतील. अगदीच निघत नसेल तर पांढऱ्या खोडरबराचे दोन हलके हात. काचपेपर लावू नका, मुलामा गेला की ती पट्टी पुढच्या पावसाळ्यात संपली.

कॅसेटला ६० पिना असतात, दोन्ही बाजूंना ३०. मशीनच्या खाचेतही तेवढ्याच पात्या. खाचेत काडी जात नाही. साफ केलेल्या कॅसेटच्या पट्टीला अल्कोहोल लावून ती आठ-दहा वेळा आत-बाहेर करा, पट्टी दर वेळी पुसून घ्या. मशीन बंद असताना.

आणि फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारली, चालायचं पण. चालायचं ते कॅसेट काढून परत बसवल्यामुळे. पिना नव्याने टेकायच्या. तोंडातली वाफ मात्र आत राहायची.

टीव्हीचं म्हणाल तर मागे पिवळी पिन असेल तर एव्ही केबल, नाहीतर अँटेनाच्या सॉकेटमधून अॅनालॉग चॅनेल शोधायचं.

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण

माझा आवडता सर्कस. सर्कस चार्ली असं पूर्ण नाव. सिंहावर बसून आगीच्या रिंगणातून उडी, मग दोरीवरून चालायचं आणि समोरून माकडं येतात, मग चेंडू, मग घोडा, शेवटी झोपाळे.

मी तीन भावांत एकटी. मला कायम दुसरा रिमोट मिळायचा. आमच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्टचं बटणच नव्हतं. गेम थांबवायचा तो पहिल्याने, सुरू करायचा तोही पहिल्याने. आईने हाक मारली की भाऊ थांबवून जायचा, मला हाक मारली की माझा सिंह आगीत. हे मला तेव्हा फार लागायचं, आणि आजही आठवलं की लागतं.

पण श्रावणातल्या दुपारी भाऊ शाळेत आणि माझी शाळा सकाळची. तेव्हा पहिला रिमोट माझा. पागोळ्या पडताहेत, आजी पडवीत वाती वळतेय, आणि मी झोपाळ्यापर्यंत पोचलेय. तिन्ही भावांपैकी कोणी झोपाळ्यापर्यंत पोचला नव्हता. संध्याकाळी सांगितलं तर विश्वास ठेवला नाही. आजीने सांगितलं, "मी बघलंय. पोरगी उडत होती." तिला गेममधलं काही कळत नव्हतं, पण तिने पाहिलं होतं.

खाडीकाठचा, दोन्ही रिमोट आधी तपासा. घरात आता मुली असतील तर पहिला रिमोट त्यांना द्या.

गुहागरकर, सध्या पुणे

काँट्रा. दोघांनी मिळून खेळायचा म्हणून मीही तुमच्याच बाजूचा.

पण एवढा खटाटोप कशाला? त्या मशीनची स्वतःची मेमरी अवघी २ केबी. आज कुठल्याही साध्या मोबाइलवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनचं सोंग घेणाऱ्या अॅपमध्ये, हेच गेम जसेच्या तसे चालतात, आणि नकाशा हवा तिथे सेव्ह करून ठेवता येतो. लाईट गेली तरी फरक पडत नाही. फॅमिकॉम १९८३चा, बॅटल सिटी १९८५चा. चाळीस वर्षांपूर्वीच्या आराखड्याच्या नकलेवर, तीही किनाऱ्यावर पडून राहिलेली, किती भरवसा ठेवणार?

खाडीकाठचा, देवगड

गुहागरकर, तुमचं म्हणणं चुकीचं नाही. एम्युलेटर माझ्याकडे आहे, पाच-सहा वर्षं आहे. एकट्याने खेळलो, दोन दिवसांत कंटाळलो. मोबाइल एकाच्या हातात राहतो. ही वायर चार हात लांब आहे, दोघांना जमिनीवर शेजारी शेजारीच बसावं लागतं. मला ते परत हवंय.

सोल्डरगन, तुमच्या एकेका ओळीप्रमाणे केलं. अल्कोहोल कणकवलीहून मागवलं. तळावरची खूण पुसलेली होती म्हणून उघडलं. माग काढला, मधली पिन उणे निघाली. आत मोठ्या आयसीच्या, म्हणजे चिपच्या, जागी नुसता काळा डांबरासारखा ठिपका आहे, ते बघून धस्स झालं. पहिल्या कॅसेटला बावीस काड्या लागल्या. लावलं तर नुसता करडा पडदा. पुन्हा साफ, पुन्हा करडा. चौथ्या वेळी ती सुरुवातीची धून वाजली. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "दादा इलो काय?"

वेंगुर्ल्याच्या ताई, पहिल्या रिमोटचं डावं बटण दाबलं जात नाही. आणि पहिला रिमोट भाचीलाच देणार आहे.

बंदूक मात्र चालत नाही. बदकं येतात, एकही पडत नाही.

सोल्डरगन, रत्नागिरी

बटणासाठी रिमोट उघडा. रबराखाली काळे कार्बनचे ठिपके आहेत, ते आणि समोरची पट्टी अल्कोहोलने पुसा. नाहीच चाललं तर मला कुरिअर करा, जुन्या रिमोटांची रबरं माझ्याकडे पडून आहेत. पैसे नकोत.

बंदूक खराब नाही. तिच्यातून काही सुटत नाही, उलट ती बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या भिंगामागच्या डोळ्याला तो उजेड दिसला तर बदक पडलं. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं आहे. एलईडीवर चित्र उशिरा येतं, तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं. वाडीत कोणाकडे जुना डबा टीव्ही कोनाड्यात असेल तर मागून आणा.

खाडीकाठचा, देवगड

डबा टीव्ही मिळाला. शेजारच्या काकांच्या खोपीत जाळ्यांखाली होता, रंगीत आहे. बदकं पडतात. भाची सकाळपासून बंदूक सोडत नाही. रिमोटचं बटणही पुसल्यावर चाललं, कुरिअरची गरज पडली नाही. सोल्डरगन, तुमचे उपकार मोठे आहेत. रत्नागिरीला आलो की भेटतो.

दादा काल रात्री आला. जेवण झाल्यावर काही न बोलता वही त्याच्यासमोर ठेवली. त्याने चष्मा काढून पान जवळ धरलं आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, खाडी एक घर जास्त रुंद काढलीय, तेव्हाच सांगितलं होतं तुला.

आरती झाल्यावर बसलो. तो वही धरून सांगणार, मी घरं भरणार. एकशे एकोणसत्तर घरं. खाडी झाली, कलमं झाली, देवळाचं लोखंड लावत होतो आणि लाईट गेली. भाची ओरडली, सगळं गेलं! दादा म्हणाला, वही आहे ना.

अर्ध्या तासाने वाडीत ओरडा झाला, लाईट इली! पुन्हा वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. आता पहिला रिमोट भाचीच्या हातात आणि मी तिच्या बाजूला.

"पयली वळ," दादा म्हणाला. "पयला घर, पाणी."