दूरचित्रवाणीवरील हिंसा आणि मुले : संशोधनातून नेमके काय हाती लागते?

पाटीपेन्सिल (तासगाव)

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातील एका मुलाने दुसऱ्याची कॉलर धरून त्याला हापशाच्या कट्ट्यावर दाबले आणि रात्रीच्या मालिकेत ऐकलेली धमकी, डोळे बारीक करून, अगदी त्याच ठसक्यात त्याला ऐकवली. झटापटीत त्या दुसऱ्या मुलाचे कोपर सोलवटले. पालकसभेत मी हा विषय काढला तेव्हा एक पालक म्हणाले, "बाई, आम्हीसुद्धा पडद्यावरच्या मारामाऱ्या बघतच मोठे झालो, आम्ही कुठे गुंड झालो?" त्यांना सांगायला माझ्याकडे अनुभव होता, पुरावा नव्हता. या विषयावरील अभ्यासांत खरोखर काय आढळले आणि त्यावर कितपत विसंबावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मात्र 'टीव्ही बंद करा' एवढाच सल्ला देऊ नये; ज्या घरात एकच खोली आहे आणि आजी-आजोबांची करमणूक त्याच पडद्यावर आहे, तिथे तो पाळला जात नाही.

संगममाहुली (सातारा)

बाई, मी महाविद्यालयात अनेक वर्षे मानसशास्त्र शिकवले आहे. त्या पालकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला रास्त उत्तरही आहे.

अल्बर्ट बांडुरा यांचा १९६१ सालचा बाहुलीचा प्रयोग सर्वांना ठाऊक असतो. मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुलीला बदडताना पाहिलेल्या मुलांनी तेच केले. १९६३ मध्ये तीच मारहाण चित्रफितीवर दाखवली, तरी अनुकरण झाले. मला त्यांचा १९६५ चा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. त्यात काही मुलांना मारणाऱ्याचे कौतुक झालेले दाखवले, तर काहींना त्याला शिक्षा झालेली दाखवली. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी अनुकरण कमी केले खरे, पण नंतर 'त्याने काय काय केले ते करून दाखवलेस तर बक्षीस देऊ' असे सांगताच त्यांनीही सारे जवळजवळ तितकेच करून दाखवले. म्हणजे शिकणे झालेलेच होते, फक्त ते बाहेर पडले नव्हते.

आता त्या पालकांचा मुद्दा. न्यूयॉर्क राज्यातील कोलंबिया काउंटीत लेनर्ड एरॉन यांनी १९६० साली तिसरीतील ८५६ मुलांची पाहणी केली. मूल कोणते कार्यक्रम आवडीने पाहते हे आईला विचारले आणि विनाकारण भांडण कोण उकरून काढते, हे वर्गातल्या मुलांनाच विचारले. दहा वर्षांनी त्यांतील जे मुलगे पुन्हा भेटले, त्यांच्यात आठव्या वर्षीची हिंसक कार्यक्रमांची आवड आणि अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीची आक्रमकता यांचा सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती जुळून चालतात याचे माप (पूर्ण जुळल्या तर १, मुळीच नाही तर ०), ०.३१ निघाला. उलट दिशेने, म्हणजे लहानपणच्या आक्रमकतेचा पुढच्या आवडीशी, असा संबंध आढळला नाही. मुलींमध्येही तो दिसला नाही. ०.३१ ला ०.३१ नेच गुणले की साधारण एक दशांश येतो; म्हणजे माणसामाणसांतील फरकाचा तेवढा भाग या आवडीशी जुळतो; उरलेले नऊ भाग घर, स्वभाव, शाळा, सोबत अशा इतर गोष्टींचे. तेव्हा मारामाऱ्या पाहणारे बहुतेक लोक गुंड होत नाहीत, हे त्या पालकांचे निरीक्षण या संशोधनाच्या विरोधात जात नाही, ते त्यात बसतेच.

शंकेखोर (मिरज)

सरांचा आदर राखून दुसरी बाजू मांडतो, कारण पालकसभेत अर्धा पुरावा नेणे बाईंना अडचणीचे ठरेल. बांडुरांची बाहुली मुळात ठोसा खाऊन परत उभी राहण्यासाठीच बनवलेली होती. तिला मारणे म्हणजे वर्गमित्राला मारणे नव्हे. टोरांटो विद्यापीठाचे जोनाथन फ्रीडमन यांनी २००२ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन असे मत मांडले की, कार्यकारणभाव यातून सिद्ध होत नाही. सेंट हेलेना बेटावर १९९५ साली दूरचित्रवाणी आली, तेव्हा टोनी चार्ल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेच्या मैदानावरील मुलांचे वर्तन आधी आणि नंतर तपासले. ते बिघडल्याचे आढळले नाही. ज्या घरात पोराला उठता-बसता फटके मिळतात, त्या घरात मारामारीचे कार्यक्रमही जास्त लागत असतील, तर दोष कोणाचा धरायचा?

संगममाहुली (सातारा)

आक्षेप योग्य आहे. पण सेंट हेलेनाच्या शेजारी कॅनडातील एक गाव ठेवावे लागते. ब्रिटिश कोलंबियातील या गावाला संशोधकांनी 'नोटेल' हे टोपणनाव दिले. डोंगरांमुळे तिथे १९७३ पर्यंत प्रक्षेपण पोहोचत नव्हते. ते सुरू झाल्यावर दोन वर्षांनी टॅनिस मॅकबेथ विल्यम्स यांच्या गटाला तिथल्या मुलांमध्ये, मुलगे आणि मुली दोघांतही, मैदानावरची मारहाण व शिवीगाळ वाढलेली दिसली. घरच्या परिस्थितीबाबत म्हणाल, तर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या शिकागो परिसरातील अभ्यासात रोवेल ह्यूसमन यांनी ३२९ जणांना सुमारे पंधरा वर्षांनी गाठले; आईवडिलांची आर्थिक-सामाजिक स्थिती, मुलाची बुद्धिमत्ता आणि संगोपनाची पद्धत हिशेबात घेऊनही संबंध टिकला, आणि या वेळी स्त्रियांमध्येही दिसला. सेंट हेलेना हे सगळे सगळ्यांना ओळखतात असे बेट आहे. तिथे समाजाचा धाक आणि लक्ष यांनी परिणाम रोखला असावा, असे मला वाटते. दोन्ही ठिकाणचे निष्कर्ष खरे असू शकतात.

बाईंच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट. अँड्र्यू कॉलिन्स यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, मारामारी आणि तिचा परिणाम यांच्या मध्ये जाहिराती आल्या, तर तिसरीच्या वयाच्या मुलांना त्यांची सांगड घालता येत नाही. आपल्या मालिकांत खलनायिकेला शिक्षा होते ती शेवटच्या आठवड्यात, आणि तोवर मूल वर्षभर तिचे डाव रोज रात्री यशस्वी होताना पाहते.

विट्याची आई

चर्चा मारहाणीपुरतीच राहू नये म्हणून लिहिते. माझी सात वर्षांची मुलगी कोणालाही मारत नाही, पण बातम्यांत एका खुनाचे चित्रण वारंवार पाहिल्यानंतर ती सलग तीन आठवडे संध्याकाळी अंगणापलीकडच्या न्हाणीघरात एकटी गेली नाही. मी कडीपाशी उभी राहून सतत बोलत राहावे, असा तिचा आग्रह असे. जोअन कँटर यांनी मुलांच्या भीतीवर बराच अभ्यास केला आहे. लहान मुले भयंकर दिसणाऱ्या गोष्टींना घाबरतात, मोठी मुले खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टींना घाबरतात, आणि 'ते खोटे आहे' या समजुतीचा लहानग्यांना फारसा उपयोग होत नाही, असे त्यांना आढळले. जॉर्ज गर्बनर यांनीही मांडले होते की, खूप टीव्ही पाहणाऱ्याला जग आहे त्याहून अधिक क्रूर वाटू लागते. माझ्या सासूबाईंना आता दारात आलेला प्रत्येक अनोळखी माणूस चोर वाटतो.

आपल्याच जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवतात. एका घराला न जमणारी गोष्ट साऱ्या गावाने ठरवली की जमते, हे तिथे दिसले.

संगममाहुली (सातारा)

ताईंचे म्हणणे अगदी खरे आहे. बाई, वर्गात करण्याजोगा एक उपाय सुचवतो. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ह्यूसमन आणि एरॉन यांनी हिंसक कार्यक्रम खूप पाहणाऱ्या मुलांकडून 'टीव्हीतली मारामारी खऱ्यासारखी का नसते आणि तिची नक्कल का करू नये' यावर लिहून घेतले, तेच त्यांना कॅमेऱ्यासमोर बोलायला लावले. काही महिन्यांनी, वर्गमित्रांच्याच मते, ती मुले इतरांपेक्षा कमी भांडखोर होती. यात टीव्ही बंद करावा लागला नाही.

पाटीपेन्सिल (तासगाव)

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी सकाळच्या शाळेत मी हाच विषय मुलांना लिहायला दिला. बहुतेकांनी पानभर लिहिले; एका मुलीचे निरीक्षण असे की, मालिकेत जिन्यावरून पडलेल्या बाईच्या कपाळावरची पट्टी दुसऱ्या दिवशी जाते, पण तिच्या आजोबांचा पडून मोडलेला खुबा अजून बसलेला नाही. ज्याने कॉलर धरली होती त्याने दोनच ओळी लिहिल्या आणि कागद उलटा करून ठेवला. त्याला मी काही विचारले नाही. शंकेखोर सरांनी घरच्या परिस्थितीचा मुद्दा काढला, तेव्हा त्याच्या घरीही एकदा जाऊन यायला हवे, ते या आठवड्यात करते. मुलांची परवानगी घेऊन बाकीचे कागद पुढच्या पालकसभेत नावे न घेता वाचून दाखवीन आणि त्या पालकांना ०.३१ चा अर्थही सांगेन.