लेकीला डेंटलला जायचंय आणि मेजर घ्यायचंय सिरॅमिक्स

मनूची_आई (न्यू जर्सी)

मी स्वतः बीडीएस. २००३ ला विदर्भातल्या कॉलेजातून पास झाले. इकडे आल्यावर कळलं की आपली डिग्री इथे चालवायची तर पुन्हा दोन-तीन वर्षं डेंटल स्कूल करावं लागतं. आज करू, उद्या करू म्हणताना मनू झाली आणि ते राहूनच गेलं.

आता मनू इथल्या स्टेट युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला आहे. डेंटिस्ट व्हायचं तिचं तिनेच ठरवलंय. खरंच सांगते, मी ढकललेलं नाही. पण नाताळच्या सुट्टीत घरी आली आणि जेवताना म्हणाली, मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) सिरॅमिक्स घेते. म्हणजे चाकावर मडकी! मी काही बोलायच्या आत म्हणते, "आई, दातांवर बसवायचे क्राऊन पण सिरॅमिकचेच असतात ना?" तिचा बाबा ठसका लागेपर्यंत हसला. मला काही हसू आलं नाही.

आमच्या वेळी बारावीचे मार्क लागले की थेट बीडीएस, चार वर्षं आणि वर, वर्षभराची इंटर्नशिप. इथे आधी चार वर्षांची भलतीच डिग्री, मग चार वर्षं डेंटल. त्या पहिल्या चार वर्षांत बायॉलॉजी नसेल तर अर्ज उघडून तरी बघतात का? पहिल्या सेमिस्टरला बायॉलॉजीत ए मायनस, जनरल केमिस्ट्रीत बी प्लस आणि सिरॅमिक्सच्या वर्गात ए मिळालाय. त्या ए नेच सगळा घोळ केलाय.

सांगलीचा_दातवाला (ओहायो)

वहिनी, अर्ज उघडतात. मेजर कुठलं घ्यायचं याचा नियम नाही. बहुतेक अर्जदार बायॉलॉजीवाले असतात, कारण लागणारे विषय त्यात आपोआप होऊन जातात, एवढंच.

लागतं काय तर वर्षभर बायॉलॉजी, वर्षभर जनरल केमिस्ट्री, वर्षभर ऑरगॅनिक आणि फिजिक्स, सगळं लॅबसकट. त्यावर बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्री. कुणी मायक्रोबायॉलॉजी मागतं, कुणी ॲनाटॉमी, कुणी इंग्रजी. प्रत्येक डेंटल स्कूलची यादी वेगळी, तेव्हा आत्ताच चार-पाच शाळांच्या याद्या समोर ठेवून जुळवा. हायस्कूलमधल्या एपीचं (तिथेच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांचं) क्रेडिट काही शाळा धरतच नाहीत, तेही बघा.

अर्जात एकूण जीपीए (ग्रेडची सरासरी) वेगळा आणि बायॉलॉजी-केमिस्ट्री-फिजिक्सचा वेगळा काढतात. विषय पुन्हा घेतला तरी जुना ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही मोजतात. म्हणून मडक्यांची नको, त्या बी प्लसची काळजी करा.

अवांतर: मुलगी सिटिझन आहे ना? स्टेटच्या शाळा आपल्या राज्यातल्यांना झुकतं माप देतात. एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या व्हिसावर अवलंबून असेल तर गणितच वेगळं होतं.

पुण्यनगरीचा_जावई

एवढा खटाटोप कशाला? नीट देऊन पुण्यात बीडीएस करा म्हणावं. पाच वर्षांत मोकळी.

मनूची_आई

जावईबापू, आणि मग इकडे येऊन माझ्यासारखं परत शिकायचं का? राहू द्या.

@सांगलीचा_दातवाला, हो, सिटिझन आहे. जन्म इथलाच.

अक्कलदाढ

काकू, मी आत्ता डेंटलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझं मराठी फक्त आजीशी बोलण्यापुरतं आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं मेजर स्पॅनिश होतं. सुरुवातीला बाबांच्या शब्दासाठी बायॉलॉजी घेतलेलं. वर्गात अर्धी मुलं प्री-मेड, सगळी एकमेकांचे मार्क चोरून बघणारी. दुसऱ्या वर्षी सेल बायॉलॉजीत सी प्लस आला. त्या विषयाची डेंटलला गरजही नव्हती, मेजरसाठी घ्यावा लागला होता! पण बायॉलॉजीच तो, त्यामुळे सायन्सच्या जीपीएत बसला तो बसलाच. मग मी मेजर बदललं, फक्त लागणारे विषय ठेवले, आणि पुढच्या सगळ्या सायन्सना ए किंवा ए मायनस. हुशारी वाढली नव्हती, फक्त एका सेमिस्टरला तीनऐवजी दोनच लॅब होत्या.

मुलाखतीत सी प्लसबद्दल एकदाच विचारलं. स्पॅनिशबद्दल प्रत्येक ठिकाणी. मी ज्या दवाखान्यात बघायला जायचे तिथे निम्मे पेशंट स्पॅनिश बोलणारे होते. एका आजोबांना रूट कॅनाल म्हणजे दात उपटणार असंच वाटत होतं, त्यांना मी समजावलं. तेच सांगायचे.

पण तोटाही सांगते. इथे पहिल्याच सेमिस्टरला हिस्टॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली पेशीजाल बघायचं), फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री एकदम अंगावर आलं. बायॉलॉजीवाल्यांनी हिस्टॉलॉजीच्या स्लाइड आधी पाहिलेल्या. मला सगळं गुलाबी आणि जांभळंच दिसायचं. ऑक्टोबरपर्यंत रोज रडले. मनूने शेवटच्या वर्षी जमलं तर हिस्टॉलॉजी किंवा फिजिऑलॉजी जरूर घ्यावं.

आता सिरॅमिक्सचं. दोन डिग्र्या असतात, साधी बीए आणि बीएफए, म्हणजे फाइन आर्ट्सची. बीएफएमध्ये बरेचसे क्रेडिट स्टुडिओतच जातात, सायन्सला फारशी जागा उरत नाही. बीएच घ्यायला सांगा. आणि स्टुडिओचा वर्ग एकदा बसला की तीन-तीन तास चालतो, केमिस्ट्रीची लॅबही तेवढीच. दोन्ही दुपारीच ठेवतात मेले. खरी मारामारी तिथे आहे, मेजरच्या नावात नाही.

केमिस्ट्रीची शिडी मधे तुटू देऊ नका. जनरलच्या दोन सेमिस्टर, मग ऑरगॅनिकच्या दोन, मग बायोकेमिस्ट्री. खालची पायरी झाल्याशिवाय वरची देत नाहीत. कॉलेज संपल्या संपल्या डेंटलला जायचं तर तिसरं वर्ष संपताच जूनमध्ये अर्ज जायला हवा, आणि डॅट, म्हणजे डेंटलची प्रवेश परीक्षा, त्याच्या आसपास. डॅटमध्ये बायॉलॉजीचे ४०, जनरल केमिस्ट्रीचे ३० आणि ऑरगॅनिकचे ३० प्रश्न असतात. म्हणजे तोवर ऑरगॅनिक डोक्यात हवंच. (फिजिक्स डॅटमध्ये नाही, पण शाळा मागतात. हा छळ का, देव जाणे.) भट्टी लावायच्या नादात ऑरगॅनिक एक वर्ष पुढे ढकललं की सगळंच वर्षभर पुढे जातं.

मनूची_आई

बाळा, आजीला सांग मराठी छान आहे म्हणून.

एक विचारू का? हाताचं काय? आम्हाला पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावायचे. माझा वरचा पहिला मोलर सरांनी तीनदा मोडून परत दिला होता. मातीत हात बसला तर त्याचा काही उपयोग होतो का, की मीच आपली मनाची समजूत काढतेय?

अक्कलदाढ

थोडीशी समजूतच. आमच्या बॅचमध्ये एक मुलगा ज्वेलरी करायचा. पहिल्या महिन्यात त्यानेही आमच्यासारखीच प्लास्टिकच्या दाताला कॅव्हिटी करताना शेजारचा दात कापला. आरशात उलटं बघून हात चालवायची सवय मातीत लागत नाही. फक्त एक, बिघडलं की तो चिडायचा नाही. नवा दात लावून परत बसायचा. मी मात्र घरी फोन करायचे.

सांगलीचा_दातवाला

कॅनडाच्या डॅटला अनेक वर्षं साबण कोरायला लावत. इथल्या परीक्षेत तसलं काही नाही, सगळं स्क्रीनवर. कोन लहान-मोठे ओळखा, घड्या उलगडा, कागदाला भोकं कुठे पडली ते सांगा. ६० मिनिटांत ९० प्रश्न. चाकावर बसणाऱ्या पोरीला हे मजेत जमेल. आणि मार्क आता २०० ते ६०० मध्ये देतात, मार्च २०२५ पासून. नेटवर "२० आले तर चांगले" असं लिहिलेलं सापडेल, ते जुन्या मोजणीचं.

पैशाचंही बोला घरात. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज काढणाऱ्यांना डेंटलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २ लाखांपर्यंतच. बऱ्याच शाळांचा खर्च याच्या वर जातो. स्टेट युनिव्हर्सिटीत आहे ते फार बरं झालं. त्या पहिल्या चार वर्षांवर कर्ज चढू देऊ नका, मग मेजर मडकी असो की मोडी लिपी.

मनूची_आई

काल तिच्याबरोबर बसून तीन शाळांच्या याद्या काढल्या. बीएच घेतेय, बीएफए नाही. हिस्टॉलॉजी शेवटच्या वर्षात घातलंय. या सेमिस्टरला स्टुडिओ आणि केमिस्ट्रीची लॅब गुरुवारी दुपारी एकावर एक येत होते, म्हणजे अक्कलदाढ म्हणाली अगदी तेच. तिने लॅब शुक्रवारी सकाळी आठला हलवली. आठला! ही पोरगी शाळेच्या बसला कधी वेळेवर गेली नाही. जनरल केमिस्ट्रीच्या प्रोफेसरांना आठवड्यातून एकदा भेटायचंही कबूल केलंय.

अजून माझ्या गळ्याखाली पूर्ण उतरलेलं नाही, पण वाद बंद केलाय.

रविवारी परत जाताना माझी जुनी पेटी उघडून बसली होती. त्यातला कॉलेजातला लेक्रॉन कार्व्हर, मेणाचे दात कोरायचं हत्यार, घेऊन गेली. आज फोटो पाठवला, पेल्याचा काठ त्याने कोरलाय. वरच्या मोलरपेक्षा बरा जमलाय. कार्व्हर धुऊन परत आण म्हटलंय.